ग्रेंजर चौकातलं शून्य

कोल्बी फॉल्स
१२ मार्च २०१८

ऑर्विल,

फोन करत नाही. मागच्या खेपेला तू आपटलास आणि त्याच्या आधी मी. पत्र आपटता येत नाही.

काल नगरपालिकेच्या सभेला गेले होते. रिक व्हँडरस्लूट तुला आठवत असेल. माझ्या वर्गात होता आणि हॉकीत आपल्याच जाळ्यात गोल मारायचा. तो आता नगरसेवक आहे आणि अजून तेच करतो. काल त्यानं रस्ता सुरक्षेचा नवा अहवाल उंच धरून सगळ्यांना दाखवला. सहावा रस्ता आणि ग्रेंजर ॲव्हेन्यूच्या चौकात सलग तीन वर्षं एकाही सायकलवाल्याला धक्का लागलेला नाही. शून्य. म्हणून तो गावातला सायकलींसाठी सर्वांत सुरक्षित चौक आहे. म्हणून तिथे कठडा घालून सायकलींची वेगळी पट्टी करायची गरज नाही. म्हणून ते पैसे हॉकीच्या मैदानाबाहेर गाड्या लावायला जागा करण्यात घालावेत.

माझ्या मुलीला, तुझ्या भाचीला, ज्या चौकात उजवीकडे वळणाऱ्या ट्रकनं चिरडलं, त्याला हा माणूस माझ्यासमोर सर्वांत सुरक्षित चौक म्हणाला, ऑर्विल. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे जोआन होती, पास्टरची बायको. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "बघ मार्लिस, डॅना वरून लक्ष ठेवतेय. ती पांढरी सायकल सगळ्यांना सांभाळतेय."

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. सायकलवाला मेला त्या जागी आठवण म्हणून बांधतात तशी, डॅना गेली त्या खांबाला बांधलेली सायकल मी दर वसंतात नव्यानं पांढरी रंगवते. चार थर झाले. त्यानं कुणाचा जीव वाचत असेल तर मला तेवढं पुरे. पण मग पट्टीचं काय? सायकल सांभाळतेय म्हणून पट्टी नको, असा अर्थ होतो की काय?

जूनमध्ये सुनावणी आहे. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. तू आयुष्यभर राज्याच्या अपघात खात्यात आकडे मांडलेस. मला तीन मिनिटांचं काहीतरी लिहून दे. ती पट्टी व्हायला हवी. दुसऱ्या कुणाच्या आईनं रंगाचा डबा घेऊन त्या चौकात जाऊ नये.

मार्लिस

—

डुलुथ
१९ मार्च

मार्लिस,

पत्र आपटता येत नाही, पण चुरगाळता येतं. तुझं मी दोनदा चुरगाळलं आणि दोनदा सरळ केलं.

तर व्हँडरस्लूटला शून्य सापडलं. माझ्या न्हाणीघरातही गेल्या तीन वर्षांत एकाही सायकलवाल्याला ट्रकनं उडवलेलं नाही. त्यानं इकडे येऊन माझ्या न्हाणीघराचा सत्कार करावा. गावातला सर्वांत सुरक्षित चौक त्याला इथेच मिळेल, गरम पाण्यासह.

शून्य कशातलं, हे त्या सभेत एकाही माणसानं विचारलं नाही? तूही नाही? किती जण जखमी झाले याला अर्थ येतो तो किती जण तिथून गेले हे कळल्यावर. हजार गेले आणि एकाला लागलं, तर ती एक गोष्ट. चार गेले आणि कुणालाच लागलं नाही, तर त्यातून कळतं एवढंच की चार जण गेले. तीस वर्षं मी खात्यात हेच सांगितलं, आणि तीस वर्षं समोरच्यांनी मान डोलावून पुढच्या पानावर तीच चूक केली. पालथ्या घड्यावर पाणी. निवृत्तीला त्यांनी मला घड्याळ दिलं. तेही मागे पडतं.

जोआनला सांग, डॅनाला वरून लक्ष ठेवायचं असतं तर तिनं ते आधी व्हँडरस्लूटवर ठेवलं असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, की ही बाई कावळ्याच्या नावानं मेणबत्ती लावणार.

आता तुला न आवडणारी गोष्ट. ज्या जागी एक वर्ष फार वाईट जातं, तिथली पुढची वर्षं बहुधा बरीच दिसतात, कुणी काही करो वा न करो. डॅना गेली ते वाईट वर्ष होतं. पुढे आकडा खाली येणारच होता, सायकल बांधली असती तरी आणि नसती तरी. रंगाला श्रेय देऊ नकोस. सायकल तर माझ्याच गॅरेजमधलं भंगार होतं. मी ते कचऱ्यात टाकणार होतो, तेवढ्यात तू मागितलंस.

तीन मिनिटांचं भाषण मी लिहून देणार नाही. आधी मोज. घडीची खुर्ची घे, कॉफीचा थर्मास घे, सकाळी सातला त्या चौकात बस आणि जाणारी प्रत्येक सायकल मोज. आठवडाभर. मग लिही.

ऑर्विल

—

कोल्बी फॉल्स
९ एप्रिल

ऑर्विल,

"रंगाला श्रेय देऊ नकोस." तू कधी त्या सायकलीला हात लावलास? अंत्यविधीला आलास, माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानं सँडविच खाल्लंस आणि चर्चच्या खुर्च्या कशा चुकीच्या मांडल्यात ते सांगून निघून गेलास. उंटावरचा शहाणा. तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण मोजून झालंय, म्हणून लिहिते.

आठवडाभर बसले. दोन दिवस बर्फ पडलं, तरी बसले. गर्दीच्या तासात चौकातून सायकली किती? नऊच्या वर एकदाही आकडा गेला नाही.

पण सहाव्या रस्त्यावर सायकली खूप आहेत. हॉस्पिटलची पाळी सातला सुटते आणि साडेसातला भरते, तेव्हा घोळकेच्या घोळके येतात. चौकाच्या अलीकडे, हार्डवेअरच्या दुकानापाशी, सगळे वळतात. मग स्मशानभूमीच्या फाटकातून आत शिरून, थडग्यांमधून, टेकडी चढून मागच्या बाजूनं हॉस्पिटलला जातात. सरळ गेलं तर पाच मिनिटांचा रस्ता आहे. कारण विचारशील, तर सहाव्या रस्त्याला खड्डे फार पडलेत. थंडीनं दरवर्षी पडतात.

नंतर नगरपालिकेच्या रस्ता-इंजिनिअरकडे गेले. पोरगा नम्र आहे, खिशाला तीन पेनं. त्यानं नियम सांगितला. कठड्याची पट्टी करायची तर दोनपैकी एक तरी हवं. एकतर मागच्या तीन वर्षांत तिथे तीन सायकलवाले जखमी झालेले असावेत, नाहीतर गर्दीच्या तासात पन्नास सायकली जायला हव्यात. यंदाची मोजणी सोळा मेला आहे.

मी म्हटलं, "आणि माझी मुलगी?"

तो म्हणाला, "मॅडम, त्या आता खिडकीबाहेर गेल्या." त्या तीन वर्षांना ते लोक खिडकी म्हणतात. डॅना दोन हजार चौदाची. खिडकी पंधरापासून सुरू होते. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. निदान तेवढं तरी.

मार्लिस

—

डुलुथ
१४ एप्रिल

मार्लिस,

खिडकीबाहेर. हा शब्द माझ्या खात्यातलाच आहे. मीही वापरलाय, हजारदा. तो आपल्या डॅनाला लावलेला वाचून मला संध्याकाळचं जेवण गेलं नाही. तुला हे आवडेल म्हणून सांगतो.

आणि काय तो नियम. आधी तिघांनी हाडं मोडून आणावीत, मग गाव विचार करणार. तेही तीन वर्षांच्या आत, शिळी हाडं चालणार नाहीत. ते जमत नसेल तर पन्नास मूर्खांनी रोज ट्रकच्या चाकाशी जाऊन दाखवावं. ज्याला अक्कल आहे आणि जो आधीच वळतो, त्याला हे लोक मोजतच नाहीत. म्हणजे चौक जितका भयानक, तितके लोक कमी. लोक जितके कमी, तितका आकडा गोंडस. आकडा गोंडस, म्हणून चौक छान. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि व्हँडरस्लूट कुत्र्याला मैदानाबाहेर गाडी लावायला जागा देतोय.

तुझं मोजणं चांगलं झालंय. हे एकदाच म्हणतो.

पण खड्ड्यांचं खोटं आहे. खड्ड्यासाठी कुणी टेकडी चढत नाही. मिनेसोटाचा माणूस खड्ड्याला शिवी देतो आणि त्यातूनच जातो. तू काहीतरी लपवते आहेस. लहानपणी बिस्किटांचा डबा रिकामा झाला की तू असंच हवामानावर बोलायचीस.

माझा अंदाज सांगतो. तू तिथे खुर्ची टाकून बसतेस, येणाऱ्याला थांबवतेस आणि डॅनाचं सांगतेस. मग कोण येईल त्या रस्त्यानं? मोजणाराच लोकांना घाबरवायला लागला तर त्या मोजणीला काडीची किंमत नाही. तसं असेल तर खुर्ची उचल आणि घरी जा.

ऑर्विल

—

कोल्बी फॉल्स
६ मे

ऑर्विल,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तुझा अंदाज अर्धा बरोबर आणि अर्धा चूक होता, आणि त्या अर्ध्यानं मला झोपू दिलं नाही.

लोकांना मी घाबरवत नाही. ती सायकल घाबरवते.

बेव्ह कुझ्माक म्हणून एक बाई आहे, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात असते. पन्नाशीची, दणकट, तोंडाची तुझ्यासारखीच. पहिल्याच आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानापाशी मी तिला विचारलं होतं, इकडून का वळता? ती म्हणाली, "त्या पांढऱ्या सायकलीमुळे. आधी मी तिथूनच जायचे. डोळे मिटून सुसाट जायचं आणि झालं. सायकल बांधल्यावर एकदा गेले, ब्रेक दाबून मध्येच उभी राहिले. पुन्हा नाही. आमच्याकडचं कुणीच जात नाही." मग तिनं विचारलं, "तुमची कोण होती?"

मी तिला म्हटलं, कुणी नाही. आणि तुला खड्डे म्हणून लिहिलं.

म्हणजे जोआन बरोबर होती आणि तूही. सायकलीनं माणसं वाचवली, चौकातून हाकलून. आणि माणसं हाकलली म्हणून शून्य आलं, आणि शून्य आलं म्हणून पट्टी नाही. चार वर्षं दर वसंतात मी गुडघ्यावर बसून व्हँडरस्लूटचं भाषण रंगवत होते. आणि ते सगळे तिच्या सायकलीला चुकवून जातात ते तिच्याच थडग्यावरून. हे हसण्यासारखं आहे. तू हस, मला जमत नाही.

काल कुलपाची किल्ली घेऊन गेले होते. हात कुलपापर्यंत गेला, पुढे जाईना. सायकल काढली की ती त्या गावातून पूर्ण गेली, असं वाटलं. अहवालातून गेली, खिडकीबाहेर गेली, आता खांबावरूनही.

पण काढली तर लोक येतील. मी बेव्हला मग खरं सांगितलं. ती म्हणाली, सोळा तारखेला आमचं स्वयंपाकघर, धुलाईघर आणि प्रयोगशाळा, सगळे चौकातून जातील. डॅना प्रयोगशाळेतच होती. ती म्हणते, गरज पडली तर आम्ही चौकातून पाच-पाच चकरा मारू.

तू सांग काय करू. या वेळी टोमणे न मारता सांगता आलं तर बघ.

मार्लिस

—

डुलुथ
१० मे

मार्लिस,

टोमणे न मारता मला पत्ताही लिहिता येत नाही, पण बघतो.

चकरा नाहीत. बेव्हला निक्षून सांग. एक माणूस, एक वेळ, आणि ज्याला खरोखर त्या दिशेला जायचंय तोच. पाच चकरा मारून पन्नास केलेत तर तुमच्यात आणि व्हँडरस्लूटमध्ये फरक काय राहिला? तो न गेलेल्यांचं शून्य दाखवतो, तुम्ही न गेलेल्यांचे पन्नास दाखवाल. मी आयुष्यात एक आकडा खोटा मांडलेला नाही आणि बहिणीसाठीही मांडणार नाही. पण जी माणसं भीतीमुळे टेकडी चढतात, ती भीती नसती तर सरळच गेली असती. ती मोजणं खोटं नाही. खोटी आहे ती आत्ताची मोजणी.

मोजणीनंतर ती सगळी त्याच रस्त्यानं जायला लागतील, आणि पट्टी होईपर्यंत चौक आहे तसाच जीवघेणा राहील. म्हणून रोज घोळक्यानं जायचं, एकट्यादुकट्यानं नाही. घोळका ट्रकवाल्याला दिसतो. आणि तू रोज खुर्ची टाकून बसायचंस. मधल्या काळात कुणाला काही झालं तर ते आपल्या दोघांच्या माथी येईल. हे कळून हो म्हण, नाहीतर नाही म्हण.

सायकलीचं. डॅना त्या लोखंडात नाही. ती त्या खांबात नाही आणि अहवालात तर कधीच नव्हती. मी नास्तिक आहे, तेव्हा ती कुठे आहे ते मला विचारू नकोस. पण तुला कुलूप उघडायची गरज नाही. सायकल माझी आहे. तू मागितलीस म्हणून मी नुसती दिली होती, देऊन टाकली नव्हती. मंगळवारी येतो आणि घेऊन जातो.

जेवायला तुझा तो माशाचा भाजलेला लगदा करू नकोस.

ऑर्विल

—

कोल्बी फॉल्स
३० मे

ऑर्विल,

नर्स म्हणाली, औषधामुळे तुला त्या सकाळचं फारसं आठवत नाही. आणि जे आठवेल ते तू स्वतःच्या सोयीनं सांगशील, म्हणून मीच लिहून ठेवते.

मंगळवारी कुलूप तू उघडलंस. मी गाडीतच बसले होते. तू सायकल मागच्या सीटवर टाकलीस आणि म्हणालास, "चार थर रंग. घोड्यालाही एवढा लागत नाही." मग माझ्या गॅरेजमध्ये जाऊन दार लावून घेतलंस. मला वाटलं, नेण्यासाठी चाकं काढतोयस.

बुधवारी सातला इंजिनिअरचा माणूस गाडी लावून बसला होता, हातात टकटक मोजायचं यंत्र. खांब उघडा दिसत होता. मला तिकडे बघवेना. आधी कुणीच आलं नाही. मग बेव्ह आली. हार्डवेअरच्या दुकानापाशी ती क्षणभर थांबली, सवयीनं. आणि सरळ आली. तिच्यामागे धुलाईघरातल्या दोघी, मग प्रयोगशाळेतली माणसं, मग मी न ओळखणारी कितीतरी. एकानंही चक्कर मारली नाही. बेव्हनं दम दिला होता.

आणि मग तू आलास. पांढऱ्या सायकलवर, अंत्यविधीचा कोट घालून, नवे टायर आणि नवी साखळी लावून, मोठमोठ्यानं शिव्या देत. मोजणाऱ्यानं कॉफीचा कप तोंडापासून दूर केला. लोक रस्त्यातच थांबले. तुझ्या मागे एक ट्रक उजवीकडे वळायला टेकलेला होता. तो थांबला, आणि तू जाईपर्यंत थांबूनच राहिला. मी उभी राहिले होते, हे मला नंतर कळलं. चार वर्षं जी सायकल त्या खांबाशी मरून पडली होती, ती चौक ओलांडून पलीकडे गेली. मी रडले, ऑर्विल. डॅना गेल्यापासून त्या चौकात मी रडले नव्हते, नुसती रंगवत होते.

तू मान वळवून ओरडलास, "मोजलं का?"

तो म्हणाला, "हो, सर."

"एकदाच मोज. मी परत येणार नाही," असं म्हणून तू ब्रेक दाबलेस. तिथेच चुकलं. साखळी बदललीस, टायर बदललेस, ब्रेकच्या तारा नाही बदलल्यास. त्या माझ्या चार थरांखाली गोठलेल्या होत्या. तू थेट टपालपेटीवर गेलास. गळ्याजवळचं हाड मोडलं. रुग्णवाहिका आली, म्हणून पोलीस आला, म्हणून नोंद झाली. तू पोलिसाला म्हणालास, "अपघाताचं कारण: भगिनी."

तासाभरात अठ्ठावन्न.

मार्लिस

—

डुलुथ
८ जून

मार्लिस,

डाव्या हातानं लिहितोय, म्हणून थोडक्यात.

अठ्ठावन्नात मी आहे, हे मला मान्य नाही. मी डुलुथचा, त्या रस्त्यानं मला कुठे जायचं नव्हतं. सुनावणीत सत्तावन्न सांग. पन्नासला ते पुरतात, आणि नसते पुरले तरी सत्तावन्नच सांगायला लावले असते.

घोळके आणि खुर्ची विसरू नकोस. माझी सायकल सरळ करून ठेव.

ऑर्विल

—

कोल्बी फॉल्स
२१ ऑक्टोबर

ऑर्विल,

पट्टी झाली. काल कठड्याचा शेवटचा दगड बसला. जूनमध्ये मी सत्तावन्न सांगितले, आणि व्हँडरस्लूट सोडून सगळ्यांनी हात वर केले. तो त्या वेळी स्वतःचा टाय बघत होता.

आजपासून माझी खुर्ची घरी. मेपासून एकही सकाळ चुकवली नाही, पावसात छत्री घेऊन गेले. कुणाला खरचटलंही नाही. खांब रिकामाच ठेवलाय. त्याच्याकडे बघायला आता जमतं. रोज नाही.

मार्लिस

—

डुलुथ
११ मार्च २०१९

मार्लिस,

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. ते वाचताना मी इतका ओरडलो की वरच्या मजल्यावरची म्हातारी काठी आपटत होती.

"नवी पट्टी आल्यापासून ग्रेंजर चौकातले सायकल अपघात शून्यावरून दोनवर." आणि त्यावर व्हँडरस्लूटचं थोबाड, पोरगं गेल्यासारखं गंभीर. पट्टीमुळे चौक धोकादायक झाला, ती काढून टाकावी, असा ठराव मांडतोय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या दोनमधला एक मी आहे.

मी मेमध्ये पडलो. पट्टी ऑक्टोबरमध्ये झाली. जी पट्टी तेव्हा जन्मालाही आली नव्हती, तिनं मला पाडलं. मला पाडलं तुझ्या रंगानं आणि टपालपेटीनं. पण अहवाल अख्ख्या वर्षाचा असतो, म्हणून या गाढवानं पूर्ण वर्ष उचलून पट्टीच्या गळ्यात बांधलं. तीस वर्षं मी लोकांना सांगितलं की आकड्यामागे माणूस असतो, तो कोण ते बघा. कुणी बघितलं नाही. आता मीच आकडा झालोय, आणि तोही चुकीच्या रकान्यात.

दुसरा कोण? ते विचारून घे. आणि आता तासाला किती सायकली जातात ते मोजलंस का? नसशील मोजलं तर सभेला जाऊच नकोस. मला यायचंय, पण गाडी दुरुस्तीला आहे. तीन मिनिटांचं मी लिहून देतो, फार तर. सांग.

ऑर्विल

—

कोल्बी फॉल्स
२० मार्च

ऑर्विल,

लिहून द्यायची गरज नव्हती. सभा काल झाली.

मोजलं होतं. थंडीतसुद्धा तासाला शंभराच्या पुढे जातात. स्मशानात आता फक्त मेलेले आणि त्यांना भेटायला येणारे असतात.

व्हँडरस्लूटनं दोन बोटं वर केली आणि धरून ठेवली, टाळ्यांसाठी. या वेळी कुणी वाजवल्या नाहीत, पण त्याच्याकडे बघत होते सगळे. मग मला बोलावलं. तुझ्यासारखं बोलायचं ठरवून गेले होते. न्हाणीघराचा सत्कार वगैरे सगळं तयार होतं. पण तिथे उभी राहिले आणि मला फक्त तो अहवाल दिसला, त्याच्या हातातला, आणि मागच्या वर्षीचा.

मी म्हटलं, "रिक, ते दोघं मला माहीत आहेत. एक माझा भाऊ. तो पट्टी व्हायच्या पाच महिने आधी टपालपेटीवर आपटला. दुसरी बेव्ह कुझ्माक. ती नोव्हेंबरमध्ये बर्फावरून घसरून कठड्यावर पडली, मनगट मोडलं. ती मागे बसलीय, विचार तिला. कठड्याच्या पलीकडे ट्रक होता. तो कठडा नसता तर ती आज मागे बसलेली नसती."

बेव्हनं प्लास्टर घातलेला हात वर केला. ते प्लास्टर खरं तर जानेवारीतच निघालंय. तिनं सभेसाठी जपून ठेवलं होतं. त्याबद्दल मी तिच्याशी बोलले नाही आणि तूही बोलू नकोस.

मग मी म्हटलं, "मागच्या वर्षी तू इथे शून्य दाखवलंस आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या शून्यात कुणीच नव्हतं, रिक. लोक तिथून जातच नव्हते, आणि माझी मुलगी तुमच्या खिडकीबाहेर होती. या दोनमध्ये दोन माणसं आहेत. दोघंही जिवंत आहेत. एक रविवारी माझ्याकडे जेवायला आली होती आणि दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्याचं पत्र माझ्या पर्समध्ये आहे, शिव्यांसकट. मला तुझ्या शून्यापेक्षा हे दोन हवेत."

माझी तीन मिनिटंही झाली नव्हती. मी खाली बसले. ठराव पडला.

बाहेर पडताना व्हँडरस्लूट दार धरून उभा होता. म्हणाला, "मार्लिस, मला आकड्यांतलं फारसं कळत नाही." मी म्हटलं, "ते आम्हाला दिसलं." एवढंच बोलले. तुला कमी वाटेल, पण तो मान खाली घालून गेला.

गाडी दुरुस्त झाली की ये. तुझी सायकल सरळ करून घेतलीय. रंग पांढराच ठेवलाय, काढवला नाही. बेव्ह म्हणते, आता ती नुसती सायकल दिसते. मी तिच्यावर बसून दुकानापर्यंत जाऊन आले, चौकातून, पट्टीवरून.

ब्रेक लागतात.

मार्लिस